आग्नेय कोपऱ्यातला राणीछाप

अमेरिकेच्या मातीत हात घालून राणीछाप रुपया बाहेर काढणारा पहिला मराठी माणूस मी आहे. दुसरा कोणी असेल तर त्याने पुढे यावं. हे मी आमच्या मंडळाच्या ज्येष्ठांच्या सभेत तीनदा जाहीर केलं आणि तिन्ही वेळा कोणी पुढे आलं नाही. तिसऱ्या वेळी दोघं मागच्या दाराने गेले, पण त्यांना मधुमेह आहे आणि जेवणाची वेळ झाली होती.

मेटल डिटेक्टर मी शहात्तराव्या वर्षी घेतला. काठीच्या टोकाला ताटली, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधे एक छोटा पडदा. ताटली जमिनीवरून झाडू मारल्यासारखी फिरवायची. खाली लोखंड असेल तर यंत्र डुकरासारखं गुरगुरतं, तांबं किंवा चांदी असेल तर कोकिळेसारखं वर जातं. ही उपमा माझी आहे, यंत्राच्या पुस्तकात नाही. पुस्तकात नुसते आकडे आहेत.

पहिल्या सहा महिन्यांत न्यू जर्सीतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या मैदानांवरून मी जे धन गोळा केलं त्यात बिअरच्या कॅनच्या कड्या सर्वांत जास्त. पण एकदा १९४१चं तांब्याचं सेंट सापडलं, मागच्या बाजूला गव्हाच्या दोन लोंब्या असलेलं. ते मी पाकिटात ठेवलं आणि जो भेटेल त्याला दाखवलं. दंतवैद्याला तर तोंड उघडण्याआधी दाखवलं.

"एवढं घरात वाकला असतात तर पलंगाखालचा चष्मा सापडला असता," ही यावर माझ्या बायकोची, उत्तराची, प्रतिक्रिया. कलावंताच्या घरचे लोक शेवटी समजतात.

तर एप्रिलातल्या एका शनिवारी सकाळी लतावहिनींचा फोन आला. लतावहिनी म्हणजे माझा मित्र अवधूत याची बायको. अवधूत जाऊन दोन वर्षं झाली. घर विकून वहिनी पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला मुलीकडे, अंतराकडे, निघाल्या होत्या.

"भावजी, तुमचं ते यंत्र खरंच चालतं का हो?"

"वहिनी, १९४१चं सेंट..."

"ते मी पाहिलंय. तीनदा. मला आमच्या वास्तूतला रुपया काढून द्या. शुक्रवारी अकराला क्लोजिंग आहे, विक्रीच्या सह्या. त्यानंतर जमीन दुसऱ्याची."

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मान ताठ ठेवायला हवी. १९८६ साली आमच्या भागात भटजी नव्हते. देऊळ दूर, गुरुजी त्याहून दूर. पण घरं तर लोक धडाधड घेत होते, आणि वास्तुशांत केल्याशिवाय आमच्या बायका स्वयंपाकघरात पाय ठेवायला तयार नव्हत्या. तेव्हा पुढे कोण झालं? मी. माझ्याकडे पूजेची कॅसेट होती, सोवळं होतं, आणि आवाज असा होता की एकदा स्वस्तिवाचनाला शेजारच्या आयरिश माणसाने पोलिस बोलावले. पोलिस आले आणि प्रसाद घेऊन गेले. अशा त्रेचाळीस वास्तुशांती मी केल्या. त्यातली पहिली अवधूतची.

वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा, धान्य, रत्नं वगैरे तांब्याच्या गडूत घालून घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात. अमेरिकेत घराच्या जमिनीला भोक पाडलं तर घरच खाली येईल म्हणून मी अंगणाचा आग्नेय कोपरा मंजूर केला. अवधूतच्या गडूत मात्र एक जास्तीची वस्तू होती. तो अमेरिकेला निघाला तेव्हा त्याच्या आईने व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया त्याच्या हातावर ठेवून सांगितलं होतं, "स्वतःचं घर होईल तेव्हा त्याच्या पायात घाल." त्या पुढे कधी इकडे आल्या नाहीत. रुपयाच तेवढा आला.

"अंतराने घर घेतलंय," वहिनी म्हणाल्या. "सासूबाईंचं एवढंच आहे माझ्याकडे. ते अनोळखी अंगणात टाकून मी विमानात कशी बसू?"

मी म्हटलं, "वहिनी, रुपया पुरला कोणी? मी. काढणार कोण? मी. आग्नेय कोपरा, दीड फूट. चहा टाका, उकळेपर्यंत रुपया हातात देतो."

तो चहा मी प्यायलो. नंतर आणखी दोन प्यायलो. आग्नेय कोपऱ्यात यंत्र आधी गुरगुरलं, मग गप्प झालं, मग एकदा कोकिळा बोलली आणि मी खणलं तर पाण्याच्या फवाऱ्याचं पितळी डोकं निघालं. दुसऱ्या खड्ड्यात काटा. जेवायचा.

तेवढ्यात विनय आला. विनय हा आमच्या मंडळाचा बावीस वर्षं सेक्रेटरी. निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. कुणी जमीन खणतंय हे त्याला दोन मैलांवरून कळतं.

"कुमार, तू आग्नेयेला नाहीयेस." त्याने फोनमधलं होकायंत्र नाकासमोर धरलं. "सात डिग्री चुकतोयस."

"माझं यंत्र चार फूट रुंदीचा पट्टा घेतंय. तुझ्या सात डिग्र्या त्यात जेवून झोपतील."

"मग रुपया कुठेय?"

"माती सरकते," मी म्हटलं. "अडतीस वर्षांत दरवर्षी गोठते, दरवर्षी वितळते. नाणी चालतात."

"कुठवर गेलं असेल? जर्सी सिटीपर्यंत? तिथून ट्रेन आहे."

या माणसाला नाण्यांच्या शास्त्रातलं काही कळत नाही. मी तिसऱ्या खड्ड्याला हात घातला आणि ड्राइव्हवेत गाडी थांबली. सुचित्रा उतरली. ती या विक्रीतली एजंट. आमच्याच मंडळातली मुलगी, म्हणजे असेल पंचावन्नची.

"काका! फावडं खाली ठेवा!"

मी ठेवलं. आवाजच तसा होता.

"खाली गॅसची लाइन आहे, केबल आहे. खणायच्या आधी फोन करायचा असतो. ते लोक येऊन खुणा करतात, तीन कामाचे दिवस लागतात. आणि क्लोजिंगच्या आठवड्यात यार्डात खड्डे? गिऱ्हाइकांनी बघितलं तर?"

सुचित्राने फोन केला. सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारी सकाळी खणायला मोकळे. शुक्रवारी अकराला क्लोजिंग. हिशेब सरळ होता. मी म्हटलं, तोवर खणणं नाही, नुसतं ऐकणं तरी करू. ऐकायला तर कायदा लागत नाही? सुचित्राने मान हलवून फोन पर्समध्ये टाकला. इथेच तिने माझं यंत्र काढून घ्यायला हवं होतं.

मी कोपरा सोडून कुंपणाच्या कडेने निघालो. अंगणाच्या मागच्या बाजूला, मधोमध, यंत्र असं काही गुरगुरलं की मी हेडफोन काढून फेकला. पाय पुढे टाकला, तरी गुरगुर. मागे टाकला, तरी गुरगुर. चार फूट लांब, चार फूट रुंद लोखंड!

"टाकी!" विनय ओरडला. "तेलाची टाकी! पुरलेली!"

न्यू जर्सीत घर विकणाऱ्या माणसासमोर म्हणू नये असे जे दोन-चार शब्द आहेत त्यात हा पहिला. जुन्या घरांत गरम करायचं तेल जमिनीतल्या टाकीत असायचं. ती टाकी गळली तर माती काढा, तपासा, परत भरा, आणि तोवर बँक घराकडे बघतही नाही.

आणि हा शब्द विनयने कधी उच्चारावा? फाटकातून प्रीता आणि अमन आत येत असताना. हे घर घेणारं जोडपं. पडद्यांची मापं घ्यायला आले होते. प्रीता नागपूरची, अमन इंदूरचा, दोघंही सॉफ्टवेअरमधले. प्रीताच्या हातातली टेप सर्रकन आत गेली.

"काका, टँक म्हणजे... अंडरग्राउंड टँक?"

"नाही गं," मी म्हटलं, "विनयकाकांना सगळीकडे टाकी दिसते. धंद्याची सवय."

"इंस्पेक्शनमध्ये तर काही आलं नव्हतं यार," अमन म्हणाला आणि सुचित्राकडे बघितलं. सुचित्राने माझ्याकडे बघितलं. मी विनयकडे बघितलं. विनय होकायंत्राकडे बघत होता.

त्या संध्याकाळपर्यंत, शनिवार असूनही, बँकेचं म्हणणं आलं: टाकी नाही असा कागद मिळेपर्यंत क्लोजिंग नाही. लतावहिनी व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या होत्या. आत सगळं घर खोक्यांत बांधलेलं. "भावजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "मी रुपया मागितला होता. तुम्ही घर घेऊन चाललात."

हे वाक्य मला लागलं. उत्तराने घरी आल्यावर वाढलंसुद्धा गप्प राहून. ती बोलते तेव्हा मी निश्चिंत असतो.

रविवारी मला सल्ल्यांचे अकरा फोन आले. एकाने सांगितलं लोहचुंबक दोरीला बांधून फिरव. एकीने गणपती अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं सुचवली. अर्णव, माझा मुलगा, म्हणाला, "बाबा, प्लीज, जस्ट स्टॉप हेल्पिंग." या पिढीला मदतीचा अर्थ कळत नाही.

गुरुवारी सकाळी अंगणात रंगीत झेंडे लागलेले होते, पिवळे गॅसचे, लाल विजेचे, अगदी सत्यनारायणाला मांडव घातल्यासारखे. टाकी शोधणारा माणूस छोटं खोदयंत्र घेऊन आला. प्रीता आणि अमन सुट्टी काढून हजर. सुचित्रा हजर. उत्तरा माझ्याबरोबर. विनय तर खुर्ची घेऊन हजर. पिस्कॅटवेत एवढी गर्दी मी फक्त मोफत डोळे तपासणीला पाहिलेली आहे.

दोन फुटांवर खण्ण झालं. माणसाने हाताने माती काढली. गोल काठ दिसला. मग एक कडी. मग दुसरी कडी.

टाकीला कड्या नसतात.

ती कढई होती. लोखंडी, पालथी, तीन पोरं बसतील एवढी. माणसाने ती उलटी केली. आत तळाशी काळं, चिकटलेलं, डांबरासारखं काहीतरी, आणि कडीजवळ छिन्नीने कोरलेली गुजराती अक्षरं.

विनयचा चेहरा असा झाला की मी आयुष्यात तेवढ्यासाठी आणखी एक यंत्र घेईन.

१९९४च्या गणेशोत्सवात अडीचशे माणसांचा शिरा करायला आम्ही पलीकडच्या गावच्या गुजराती समाजाची कढई आणली होती. शिरा अवधूतकडे. त्या संध्याकाळी अवधूतने येऊन सांगितलं, शिरा रद्द, बाजारचे पेढे आणलेत, कढई परत केली. समाज म्हणाला, मिळाली नाही. आमचे सेक्रेटरी विनय यांनी त्यांना कडक इंग्रजीत तीन पानी पत्र लिहिलं. तेव्हापासून तीस वर्षं त्यांच्या नवरात्राचं आमंत्रण आम्हाला नाही आणि आमच्या कोजागिरीचं त्यांना नाही.

लतावहिनी कढईजवळ उकिडव्या बसल्या. नखाने ते काळं खरवडलं. आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "शिरा जाळून कढईच पुरली! म्हणून त्या रात्री यांच्या अंगाला तुपाचा वास होता! मला म्हणाले, गुलाबाला खत घालतोय!"

टाकीवाल्याने विचारलं, हे काय आहे? अमनने त्याला सांगितलं, "डेझर्ट." त्याने कागदावर 'टाकी नाही' लिहून सही केली आणि गेला. क्लोजिंग वाचलं.

पण रुपया? झेंडे लागले होते, आता खणायला परवानगी होती. आग्नेय कोपरा आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा विंचरला. काही नाही. वहिनींनी घड्याळ बघितलं.

विनयने पुन्हा फोन काढला. "मी दिशा नीट बघतो," म्हणत तो कढईजवळून चालला, आणि त्याच्या फोनवरची सुई गर्रकन फिरून कढईकडे बोट दाखवायला लागली. "हे बिघडलं वाटतं," तो म्हणाला.

मी हातातलं फावडं सावकाश खाली ठेवलं.

वाचकहो, मी तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर डिझाइन केले. लोखंड आणि चुंबक यांचं नातं मला जितकं माहीत आहे तितकं माझ्या व्याह्यांचं मला माहीत नाही. आणि १९८६ला याच माणसाने होम कशात केला? या देशात होमकुंड मिळत नव्हतं. अवधूतची बिडाची बार्बेक्यूची शेगडी होती, दीड मणाची. तिच्यावर फक्त मक्याची कणसं भाजली आहेत असं त्याने गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं. आणि दिशा बघायचं होकायंत्र मी कुठे ठेवलं? शेगडीच्या काठावर. हाताशी असावं म्हणून.

गप्प बसता आलं असतं. माती सरकली हे कारण तयारच होतं. वहिनी विमानात बसल्या असत्या, माझ्या त्रेचाळीस वास्तू अबाधित राहिल्या असत्या. मी पायरीकडे बघितलं. वहिनी एका खोक्यावर पेनने 'देवघर' लिहीत होत्या.

"वहिनी," मी म्हटलं, "वास्तुशांतीचे फोटो कुठल्या खोक्यात आहेत?"

अल्बम निघाला. फोटोत मी सोवळ्यात, आत थर्मल, तोंड उघडं. शेगडी माझ्या मागे नाही, पुढे नाही, तर मागच्या पायऱ्यांना चिकटून. म्हणजे दक्षिणेला. आणि तिच्या काठावर होकायंत्र, स्पष्ट.

"सुई उत्तर दाखवत नव्हती," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "शेगडी दाखवत होती. मी दक्षिणेला उत्तर समजलो. आपण आग्नेयेला खणतोय आणि मी पुरलंय वायव्येला."



"सूर्य बघायचा होतास रे!" विनय कपाळाला हात लावून म्हणाला. "सूर्य! फुकट असतो!"

"नोव्हेंबर होता. ढग होते."

"आणि... आमच्या घरी?" त्याचा आवाज एकदम खाली आला. विनयची वास्तुशांत अकरावी. "तीच शेगडी?"

"सगळीकडे तीच. डिकीत घालून नेत होतो."

"म्हणजे आमचा वास्तुपुरुष कुठे आहे, कुमार?"

"तुझ्याकडे शेगडी कुठे ठेवली होती त्यावर आहे."

उत्तरा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. फावडं तिने उचललं.

वायव्य कोपऱ्यात ताटली फिरवली. दुसऱ्याच झटक्याला कोकिळा. अशी की हेडफोनशिवाय वहिनींना पायरीवर ऐकू आली. पण एका वितीवर गॅसचा पिवळा झेंडा. सुचित्राने फावड्याला मनाई केली. मग वहिनींनी स्वयंपाकघराचं खोकं फाडून उलथणं आणि झारा आणला. मी गुडघ्यांवर बसलो, आणि माझे गुडघे हा स्वतंत्र विषय आहे. उलथण्याने मी माती सोडवत होतो, झाऱ्याने प्रीता उपसत होती. दीड फूट म्हणालो होतो, एक फूट पाच इंचांवर गडू लागला. हिरवागार, तोंडाला मेण तसंच.

मी तो उघडला नाही. वहिनींच्या हातात दिला. त्यांनी मेण फोडलं, धान्याचा काळा चुरा हातावर ओतला, आणि त्यातून रुपया निघाला. काळा पडलेला. स्वेटशर्टच्या बाहीने त्यांनी तो घासला तशी राणीचं नाक आलं, मग मुकुट.

"सासूबाई," त्या रुपयाला म्हणाल्या, "चला. अंतराकडे जायचंय." आणि रुपया मुठीत घट्ट धरला. वास्तुपुरुष मात्र त्यांनी पुन्हा गडूत ठेवला. "हा घराचा. हा इथेच राहील."

मग प्रीता खड्ड्याकडे बघत म्हणाली, "काका, आमची वास्तुशांत पण करायचीय. मग आता हा गडू खऱ्या आग्नेयेला नेऊन ठेवायचा का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अमन पुढे आला. "नाही नाही. काकू, ह्या घरात तुम्ही अडतीस साल राहिलात ना? काही प्रॉब्लेम?"

वहिनी विचार करून म्हणाल्या, "एकदा तळघरात पाणी आलं होतं."

"बस? मुलगी?"

"डॉक्टर."

"मग कोणी हात लावायचा नाही," अमन म्हणाला. "प्रॉडक्शनमध्ये अडतीस साल चाललेली सिस्टम आहे. फिक्स करायला गेलं की तुटते. जिथे आहे तिथेच."

मी विनयकडे पाहिलं. मला वाटलं होतं, हा आता तीन पानी पत्र लिहील. पण त्याच्या डोक्यात त्याचं स्वतःचं घर चाललेलं होतं: दोन मुलं, चार नातवंडं, एकदाही न गळलेलं छप्पर. तो खुर्चीवरून उठला आणि घसा साफ करून म्हणाला, "मंडळातर्फे मी स्पष्ट सांगतो. कुमारने जिथे पुरलंय तिथेच बरोबर आहे. कोणीही उकरू नये."

उरलेल्या घरांपर्यंत हा निरोप तासाभरात पोचला. काहींनी घाबरून फोन केला, काहींनी आभार मानायला. कढई मात्र विनयला स्वतः गुजराती समाजाकडे पोचवावी लागली. तीस वर्षांचा शिरा खरवडून.

शुक्रवारी अकराला सह्या झाल्या. वहिनी रुपया पर्समध्ये नाही, ब्लाउजच्या आत रुमालात बांधून विमानात बसल्या.

आणि पुढच्या रविवारी चव्वेचाळिसावी वास्तुशांत. अंगण भरलेलं. खरे गुरुजी आता तीन देवळांत मिळतात, पण प्रीताने हट्टाने मला बोलावलं होतं. मी सोवळं नेसून बाहेर आलो तर सगळे पाटाभोवती उभे, आणि फोन हातात असून एकानेही होकायंत्र काढलेलं नाही. "काका, पूर्व कुठली?" प्रीताने विचारलं.

मी पाट उचलला, मला सोयीचा वाटला तिथे मांडला आणि बसलो. ज्या बाजूला तोंड केलं, ती पूर्व.